सिनेमातला भाऊ कशाने मेला?

चिपळूणची माणसं डोंबिवलीला जातात ती बारशाला, लग्नाला, नाहीतर मोठ्या डॉक्टरला दाखवायला. परत आल्यावर त्या गावाचं वर्णन कुणी लिहीत नाही. मीही लिहिलं नसतं. पण चार दिवस राहून आलो आणि आल्यापासून डोकं असं तापलंय की बायको शेवटी म्हणाली, "माझ्यावर ओरडण्यापेक्षा कागदावर ओरडा." म्हणून हे लिहायला बसलो.

दिवा

कोकणातून येणारी आमची पॅसेंजर दिव्याला संपते. उतरताना प्रत्येकाच्या हातात गाव असतं. माझ्या हातात आमसुलं, कुळथाचं पीठ आणि ताईने मुद्दाम सांगितलेले कडवे वाल होते. स्टेशनाबाहेर चहा घेतला. समोर टँकर उभा होता आणि त्याच्यापुढे निळ्या पिंपांची रांग, पिंपांच्या मागे बायका. आमच्याकडे वाशिष्ठीचं पाणी न विचारता घरात शिरतं. इथे तासभर उभं राहिलं तर एक पिंप. नवीन इमारती मात्र एकमेकींच्या खांद्यावर बसल्यासारख्या, आणि प्रत्येकीच्या नावात कुठला ना कुठला देव.

गाडीत ओळख झालेले गुहागरचे एक गृहस्थ शेजारी चहा पीत होते.

"कुणाकडे म्हणालात?"

"बहिणीकडे. डोंबिवलीला."

"आणि कोण असतं तुमचं तिथं?"

"मोठा भाऊ. धंद्यात आहे तो."

हे वाक्य माझ्या तोंडातून इतक्या सहज निघतं की त्याला आता विचार करावा लागत नाही. चिपळुणात माझ्या ऑफिसात, दोन्ही मुलींच्या सासरी, सगळीकडे हेच माहीत आहे. दादा डोंबिवलीत धंद्यात आहे. खरं म्हणजे दादा मतिमंद आहे. आता त्याला विशेष म्हणायचं असतं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला 'विशेष मूल' म्हणणाऱ्यांविषयी पुढे लिहिणारच आहे. वडील गेले, दुकान विकलं, तेव्हा ताई त्याला आपल्याकडे घेऊन गेली. मी तिला "थोडे दिवस" म्हणालो होतो. ते थोडे दिवस अजून चालू आहेत.

या वेळी फोन ताईचा होता. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. ती म्हणाली, "विनू, मला स्वतःला उठता येणार नाही निदान दोन-तीन महिने. सुध्याचं काय करायचं ते तू येऊन सांग. फोनवर नको." सुध्या म्हणजे दादा. मी निघालो तो हे सांगायला की काहीतरी सोय बघू. कसली सोय, ते मलाही माहीत नव्हतं.

डोंबिवली

ताईच्या दारावर मी बेल वाजवली. दार दादाने उघडलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून तेल, खिशाला पेन. माझ्याकडे पाहून त्याने नीट हात जोडले.

"या, या. बसा. घरी सगळे बरे? काय देऊ?"

आमचं किराणा दुकान होतं. वडील त्याला दाराशी स्टुलावर बसवायचे. हिशोब त्याला जमला नाही, वजन जमलं नाही, पण गिऱ्हाइकाशी बोलणं तो शिकला, आणि अजून तो जगाशी तेच बोलतो. अनोळखी माणसाला पाच मिनिटं काही कळत नाही. उलट माझ्यापेक्षा तोच बरा वाटतो. मी कमी बोलतो.

ताईने बिरडं केलं होतं. दादा आधी भात संपवतो, मग बिरडं, मग पोळी, मग लोणचं. एकात एक काही मिसळलेलं त्याला चालत नाही. मिसळलं तर तो ताट सरकवतो आणि उठतो, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात शांतता नसते. गेल्या दिवाळीत पाहुण्यांपैकी कुणीतरी प्रेमाने त्याच्या भातावर आमटी ओतली. त्याने वाटी भिंतीवर मारली. भिंतीवरचा डाग ताईने मला दाखवला. "रंग लावायचाय," म्हणाली, "पण मला शिडीवर चढवत नाही."

जेवणं होतात तोच शेजारच्या लेलेकाकू आल्या. माणूस चांगलं. त्यांनी नुकताच मोबाईलवर कुठलासा सिनेमा पाहिला होता.

"अहो, त्यातला तो मुलगा! कुठलीही तारीख सांगा, वार सांगतो. पटकन. मी तर रडले बाई." मग दादाकडे बघून, अगदी मायेने, "आपल्या सुधाभाऊंना काय येतं हो?"

"काय देऊ?" दादा म्हणाला.

"तसं नाही हो. म्हणजे काहीतरी असतंच ना यांच्यात. देव एक दार बंद करतो…"

"लेलेकाकू, त्याला काही येत नाही," ताई म्हणाली. "खोके घडी घालता येतात. आणि चिडता येतं."

काकूंचा चेहरा पडला. फसवल्यासारखा. त्या गेल्यावर मी पहिल्यांदा त्या विषयावर विचार करायला लागलो, आणि अजून थांबलेलो नाही.

हे सिनेमावाले आमच्या माणसांना जगायला परवानगी देतात, पण त्याची किंमत मागतात. तो तारखा सांगतो, नाहीतर बासरी वाजवतो, नाहीतर डोळे मिटून पियानो. ज्याला यातलं काही येत नाही त्याने निदान निरागस असावं. फुलपाखरं पकडावीत. आईच्या मांडीवर डोकं ठेवून असं वाक्य बोलावं की शहाणी माणसं खजील होतील. त्याला बद्धकोष्ठ होत नाही. त्याला कधी बाईचा विचार येत नाही. तो दुपारी दोन वाजता गॅलरीत उघडा उभा राहत नाही आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला जिना चढून वर यावं लागत नाही. ज्यांचं मन आजारी असतं त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. केस मोकळे सोडलेली बाई जिन्यात हसते, किंवा खुनी शेवटी वेडा निघतो, किंवा डोक्यावर काही पडतं आणि सगळं ठीक होतं. ताईच्या ओळखीत एक बाई वीस वर्षं गोळ्या घेऊन शाळेत शिकवतात. त्यांच्यावर सिनेमा निघणार नाही. त्यात पाहण्यासारखं काही नाही, त्या वेळेवर शाळेत जातात.

आणि त्याच्याही आधीचा सिनेमा मी विसरलेलो नाही. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. वडील आम्हा तिघांना घेऊन गेले होते. त्यात एक येडा होता. मान वाकडी, लाळ गळतेय, पायजम्याची नाडी लोंबतेय. तो आला की थिएटर हसायचं. दादा सगळ्यात जोरात हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून आळीतली पोरं दादाला त्या येड्याच्या नावाने हाका मारायला लागली, आणि दादा ओ द्यायला लागला. त्याला ते आवडलं. सिनेमातलं नाव होतं ना. तो कितीतरी वर्षं ओ देत होता. वडिलांनी त्याला परत कधी सिनेमाला नेलं नाही. पोरांपैकी कुणाला एक चापट मारायला हवी होती, ती त्यांनीही मारली नाही आणि मीही नाही.

रात्री ताई पाय शेकत म्हणाली, "उद्या त्याच्याबरोबर कल्याणला जा. तिथं शूटिंग आहे. सिनेमावाले आलेत."

मला वाटलं, ती थट्टा करतेय.

कल्याण

दादा ज्या कार्यशाळेत जातो ती कल्याणला खाडीच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दुर्गाडीचा बुरूज तिथून दिसतो. त्याच्यासारखे दहा-बारा जण मिठाईचे खोके घडी घालतात. पुठ्ठा खाचेत दुमडायचा, चार कोपरे आत खोचायचे, झाकण तपासायचं. एकही कोपरा बाहेर राहिलेला दादाला चालत नाही, म्हणून त्याचे खोके सगळ्यात कमी होतात. महिन्याला जे मिळतं ते तो ताईच्या हातात देतो आणि "पुन्हा या" म्हणतो.

त्या दिवशी दारात जनरेटर होता, रस्त्यावर वायरी. बाकीचा सिनेमा आधीच झाला होता, कार्यशाळेचं तेवढं उरलं होतं. कानाला माइक लावलेली एक असिस्टंट डायरेक्टर धावत आली. तिशीची असेल. सगळे तिला रिया म्हणत होते.

दादा पुढे झाला. "या, या. बसा. घरी सगळे बरे?"

"एकदम मस्त, सर!" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. मी प्रवासाचा, दाढी वाढलेली, खांद्याला शबनम, आणि सवयीप्रमाणे गप्प. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. ती माझ्यासमोर थोडी वाकली.

"हाऽय काका! का-य नाव तुमचं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा राग आला, आणि राग आला की माझा आवाज बंद होतो. हे लहानपणापासूनचं आहे.

"लाजलात? ओ स्वीट!" तिने खिशातून चॉकलेट काढून माझ्या हातात ठेवलं आणि माझी मूठ स्वतः मिटवली. मग दादाला, अगदी वेगळ्या, सरळ आवाजात विचारलं, "सर, हे तुमचे भाऊ ना? यांना आवाजाचा वगैरे त्रास होतो का? सेटवर गोंधळ असतो, म्हणून विचारलं."

दादाने माझ्याकडे नीट पाहिलं. विचार केला.

"होतो," तो म्हणाला. "त्रास होतो त्याला. गप्प असतो. चांगला आहे."

यानंतर जे झालं ते मी थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. एकतर आवाज बंद होता, आणि दुसरं, मला बघायचं होतं. मला आडव्या पट्ट्यांचा एक तोकडा स्वेटर घातला. एका पोराने माझे केस विस्कटले. कुणीतरी गालाला धरून माझं तोंड दिव्याकडे वळवलं, मला न विचारता, तांब्या फिरवावा तसं. दोन जण माझ्या डोक्यावरून माझ्याचविषयी बोलले. "हा बेस्ट आहे यार. चेहरा बघ. ब्लँक." "पुढे बसव याला." मला पहिल्या रांगेत, टेबलाशी बसवलं.

कार्यशाळेतले खरे कामगार मागच्या रांगेत होते. कारण मी नंतर ऐकलं. ते कॅमेऱ्यात 'तसे' दिसत नव्हते. खोके घडी घालणारी माणसं खोके घडी घालणाऱ्या माणसांसारखीच दिसत होती. म्हणून ठाण्याहून चार ज्युनिअर आर्टिस्ट आणले होते. माना वाकड्या करून, ओठ सैल सोडून ते माझ्या दोन्ही बाजूंना बसले. त्यातला एक मला हळूच म्हणाला, "काका, तुम्ही कुठल्या एजन्सीचे? काय भारी करता!"

चाळीस वर्षांत बदललं होतं ते एवढंच, की आता लाळ गळू देत नव्हते.

मग हीरो आला. चांगला मुलगा, विनम्र. त्याने म्हणे तयारीला सहा महिने घेतले होते. कॅमेरा सुरू झाला आणि त्याची मान उजवीकडे झुकली, हाताची बोटं आखडली, डोळे वर गेले. तो मागच्या रांगेत, दादाच्या टेबलाशी येऊन बसला. दादा हातातला खोका ठेवून त्याच्याकडे बघत राहिला.

"मान दुखते का?" दादाने विचारलं.

हीरोची मान वाकडीच राहिली.

"बाम लाव," दादा म्हणाला. "उशी बदल. ताईकडे बाम आहे."

मागून कुणीतरी फसकन हसलं. दिग्दर्शक उठून उभा राहिला. "कट! सुंदर! हे ठेवायचं! दादा, परत एकदा म्हणा. असंच."

"सांगितलं ना एकदा," दादा म्हणाला आणि पुढचा पुठ्ठा उचलला.

कितीही गोड बोलले, तो परत म्हणाला नाही. तेव्हा तिथल्या मुख्य बाई, कुलकर्णीबाई, आतून आल्या. त्यांनी मला पट्ट्यांच्या स्वेटरमध्ये पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"अगंबाई! अहो, हे तर सुधाकररावांचे धाकटे भाऊ! चिपळूणचे! सरकारी नोकरीत आहेत हे!"

रिया पांढरी पडली. "सर! ओ गॉड. सॉरी सर, आय ॲम सो सॉरी. तुम्ही बोललाच नाहीत ना सर, म्हणून…"

तिचा तो आवाज मी विसरत नाही. एका क्षणात 'काका'चा 'सर' झाला, वाकलेली पाठ सरळ झाली. मी तोच होतो, स्वेटरही तोच. तिच्यावर चिडायला मी तोंड उघडलं, आणि शब्द निघाला नाही, कारण तो पहिला आवाज मला ओळखीचा वाटला. महिन्यातून एकदा ताई फोन त्याच्या कानाला लावते तेव्हा मी याच आवाजात बोलतो. "जेवलाऽस का दादा? शहाणा ना तू?" मोठा भाऊ आहे तो माझा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा.

चॉकलेट दादाने खाल्लं.

कोपरी आणि तलावपाळी

झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून दिग्दर्शकाने तिसऱ्या दिवशी गाडी पाठवून आम्हा दोघांना ठाण्याला बोलावलं. त्याला शेवटच्या नावांच्या वेळी दाखवायला खरे दोन भाऊ हवे होते. "फक्त दोन मिनिटं. तलावाच्या काठाला. एक मिठी. आधी सिनेमा बघा, म्हणजे मूड येईल."

सकाळी नौपाड्यात मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळीवर लिंबू पिळतात आणि गप्प बसतात. इथे रस्सा पुन्हा, कांदा पुन्हा, आणि दुकानात उभ्या प्रत्येकाचं मत. दादाने फरसाण एका वाटीत, उसळ दुसऱ्या, रस्सा तिसऱ्या असं वेगळं मागितलं. वाढणाऱ्याने "मग मिसळ कशी होणार, काका?" विचारलं. "मला मिसळ नको," दादा म्हणाला, "मला हे हवंय." त्याने तीन वाट्या आणून दिल्या. सगळ्या प्रवासात एवढी साधी गोष्ट त्या एकाच माणसाकडून झाली, हे लिहून ठेवायला हवं.

कोपरीत, स्टेशनच्या पूर्वेला, एका जुन्या इमारतीत त्यांची एडिटिंगची खोली होती. काळे पडदे, एसी, एक मोठा टीव्ही. त्यावर त्यांनी आम्हाला शेवटची वीस मिनिटं दाखवली. गोष्ट अशी: आई वारते. धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं. मोठा, म्हणजे तो मान वाकडी करणारा, कुठे राहणार यावरून घरात भांडण. धाकटा म्हणतो, तो माझ्याबरोबर राहील. होणारी बायको म्हणते, मग मी नाही. मोठा दाराआडून सगळं ऐकतो. सकाळी तो समुद्रावर जातो, एक लहान मूल बुडत असतं, तो त्याला वाचवतो आणि स्वतः मरतो. मग व्हायोलिन. मग लग्न. मग बाळाला मोठ्याचं नाव.

खोलीत दोन-तीन जण डोळे पुसत होते. दादा टीव्हीकडे बघत होता.

"हा मेला?"

"हो दादा," दिग्दर्शक हळुवारपणे म्हणाला. "सॅड एंडिंग आहे."

"का?"

"त्याने मुलाला वाचवलं ना."

"मूल आलं बाहेर. पाणी एवढंच होतं," दादाने आपल्या कमरेला हात लावून दाखवलं. "ह्याला काय झालं होतं?"

मी पडद्यावर परत पाहिलं. खरंच पाणी कमरेएवढंच होतं. त्याला काही झालेलं नव्हतं. त्याला ताप नव्हता, दुखणं नव्हतं. धडधाकट माणूस होता. तो मेला कारण लिहिणाऱ्याला तो कुठे राहणार हे सुचलं नाही. त्याच्या जेवणाचं कोण बघणार, त्याला आंघोळीची आठवण कोण करणार, भाऊ म्हातारा झाला की पुढे काय, यातलं काही लिहिता येईना, म्हणून कमरेएवढ्या पाण्यात बुडवला. आणि वर आम्हाला म्हणतात, रडा. रडून आपण किती चांगले आहोत ते बघा. हॉलमधून बाहेर पडताना लोकांना हलकं वाटावं, यासाठी आमच्यातला एक माणूस दर खेपेला मारायचा असतो.

मला एवढा राग का आला, ते तलावपाळीवर कळलं.

काठावर बाक होता, नावा होत्या, भेळवाले होते. आम्हाला बाकावर बसवलं. माझ्या शर्टाला माइक. रिया माझ्याशी अजून फार जपून बोलत होती. "सर, दादांच्या खांद्यावर हात टाकाल?"

"त्याला अंगाला हात लावलेला आवडत नाही."

"फक्त एकदा, सर."

"नाही आवडत त्याला," मी म्हणालो.

"ओके, ओके," दिग्दर्शक म्हणाला. "मग नुसतं बोला. मी विचारतो. ताईंचं ऑपरेशन आहे असं कळलं. आता तुम्ही दादांना घरी घेऊन जाणार. हो ना?"

कॅमेरा सुरू होता. मला "हो" म्हणता आलं असतं. अख्ख्या चिपळूणला तेवढं पुरलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "न्यायची इच्छा नाही. आमच्या गावात कुणाला तो असा आहे हे ठाऊक नाही. तो धंद्यात आहे असं मी सांगतो. माझ्या मुलींच्या सासरी तेच सांगितलंय. येताना गाडीत माझ्या मनात आलं, की ताईचं ऑपरेशन व्हायच्या आधी हा झोपेत गेला तर सगळं सुटेल. आलं, आणि मी ते हाकललं नाही. पनवेलपर्यंत तो विचार बरोबर होता. तुमच्या लेखकाने तेच केलंय. मी नुसता विचार केला, त्याने करून दाखवलं."

दिग्दर्शकाने डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"कट," तो म्हणाला. "सर. सर, हे सोनं आहे. असं कुणी बोलत नाही. फक्त परत एकदा घेऊ. थोडं सावकाश. पनवेल नको, तिथं लोक हसतील. आणि झोपेत गेला तर म्हणताना जरा दादांकडे बघा. पाणी आलं डोळ्यांत तर येऊ द्या."

मी माइक ओढून काढला. शर्टाचं बटण तुटलं. मी त्याला काय काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा मी रागात असताना माझा आवाज बंद झाला नाही. भर तलावपाळीवर माणसं थांबून बघत होती. मी रियाला म्हणालो, यातलं एक अक्षर जरी तुमच्या सिनेमात दिसलं तर मी थिएटरात येऊन उभा राहीन. ती बिचारी "नाही वापरणार सर, माझी जबाबदारी," म्हणत राहिली. तिच्यावर माझा विश्वास आहे. तिच्या साहेबावर नाही.

हे सगळं होईपर्यंत मी दादाकडे पाहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा तो बाकावरून उठून दूर जाऊन उभा होता. पाठ माझ्याकडे.

"दादा, चल."

तो हलला नाही.

सिनेमात अशा वेळी तो माझे डोळे पुसतो. माझा दादा, त्यांची गाडी सोडून मी केलेल्या रिक्षात, चालकाच्या शेजारी बसायला निघाला, कारण मागे मी होतो. चालकाने नाही म्हटल्यावर मागे बसला, पण मधे पिशवी ठेवून. तशीच डोंबिवली आली. आम्ही लहानपणापासून एकमेकांत म्हणत आलो, त्याला कळत नाही, त्याच्यासमोर बोललं तरी चालतं. त्याला सगळं कळलं होतं. दारात ताईला पाहताच तो म्हणाला, "हा वाईट आहे. मी मरावं म्हणतो." आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही, एवढंच म्हणता येईल.

"मलाही येतो तो विचार," ती म्हणाली. "दर आठवड्याला. मग त्याचे शर्ट इस्त्रीला टाकते. तुला निदान लाज वाटली. चहा ठेव, मला उठवत नाही."

डोंबिवली, शेवटचा दिवस

सकाळी दादाने माझ्याशी न बोलता नाश्ता केला. त्याच्या डब्याची पिशवी भरलेली होती, कल्याणची वेळ होत आली होती. ताईने विषय काढला, कारण माझी गाडी दुपारची होती.

"मग काय ठरवलंस? नेतोयस त्याला?"

"मी नाही जात," दादा म्हणाला. "माझं काम आहे."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला, आणि दोन्ही गोष्टी ताईला दिसल्या.

"तो नाही येत, तर तू ये," ती म्हणाली.

इतकं साधं होतं ते. सिनेमावाल्यांना सुचलं नाही हे ठीक, ते परके. मला कधी सुचलं नाही. मी नेहमी त्याला कुठेतरी ठेवण्याचा विचार करत होतो, पिंप कुठे ठेवायचं तसा. माझी रजा साठलेली आहे. नोकरीची पाच वर्षं उरलीत. बायकोला चालणार होतं, तिला दादाविषयी पहिल्यापासून माहीत आहे आणि माझ्या थापांत ती कधी सामील झालेली नाही.

"येतो," मी म्हणालो. "ऑपरेशनच्या आधी येतो. तू चालायला लागेपर्यंत राहतो. त्याचं मी बघतो."

ताईने मान हलवली. तेवढ्यात दादा चपला घालता घालता थांबला.

"मला विचारलंस?"

मी हातातला चहा खाली ठेवला.

"माझं घर आहे," तो म्हणाला. "मला विचारलंस का?"

"नाही विचारलं," मी म्हणालो. मग नीट, ऑफिसात साहेबांना विचारतो तसं विचारलं. "दादा, मी इथे राहायला येऊ का?"

"सांगतो," दादा म्हणाला आणि जिना उतरून गेला.

चिपळूण

परत आल्यावर मी ऑफिसात सांगितलं, रजा कशासाठी हवी आहे ते. खरं कारण सांगितलं. दोघांनी खांदा थोपटला. एकाने विचारलं, त्याला कुठल्याही तारखेचा वार सांगता येतो का. मी म्हणालो, नाही, आणि तुलाही येत नाही. मुलींच्या सासरी फोन केले. धाकटीच्या सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आधी सांगायला हवं होतं. बरोबर आहे त्यांचं. पुढे काय होईल ते होईल.

रोज संध्याकाळी ताईला फोन करत होतो. रोज तेच. "काही म्हणाला का?" "नाही. विचार करतोय म्हणाला." ऑपरेशनची तारीख जवळ येत चालली. ताईच्या आवाजात काळजी होती, पण त्याच्यावर दडपण आणायला ती तयार नव्हती, आणि मीही आणलं नाही. बॅग मात्र भरून ठेवली.

काल फोन आला. नंबर ताईचा, आवाज त्याचा. मला बोलूही दिलं नाही.

"ये," तो म्हणाला. "कॉट माझी आहे. तू खाली झोपायचं."

"बरं," मी म्हणालो.

"भातावर आमटी घालायची नाही."

"नाही घालणार."

"आणि मी मरणार नाही," दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.